अजून कोणी येणार आहे का?

रविवारी संध्याकाळी पुण्यातल्या मेस बंद असतात. हे ज्याला न सांगता ठाऊक आहे तो या शहरात कधी ना कधी एकटा राहिलेला आहे, हे मी डोळे झाकून सांगेन. मी १९९८ साली सांगलीहून नोकरीसाठी इथे आले, सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात कॉट बेसिसवर राहिले, आणि पहिल्याच रविवारी रात्री उपाशी झोपले. (डब्यात चिवडा होता, पण तो आईने दिलेला होता आणि महिनाभर पुरवायचा होता.) तेव्हापासून मी एकटीच राहते आहे. आधी कॉट, मग वन रूम किचन, आता कर्ज काढून घेतलेला वन बीएचके. आता घरात गॅस आहे, फ्रिज आहे, तरी रविवारी संध्याकाळी मी बाहेरच जेवते. सवय राहून गेली.

परवाच्या रविवारी एका नव्या हॉटेलात गेले. दारातल्या मुलाने अदबीने विचारलं, “मॅम, अजून कोणी येणार आहे का?” नाही म्हटलं. “म्हणजे एकच?” एकच. मग त्याने मला हात धुवायच्या बेसिनजवळच्या टेबलावर बसवलं आणि समोरची प्लेट, समोरचा ग्लास, समोरचा नॅपकिन, समोरचा काटा-चमचा असं एकेक उचलून नेलं. तो कार्यक्रम संपेपर्यंत आजूबाजूच्या तीन टेबलांवरच्या लोकांनी माझ्याकडे पाहून घेतलं. मेन्यूत भाजी होती ती तिघांना पुरेल एवढी. हाफ मिळेल का विचारलं, तर रात्री हाफ देत नाहीत. उरलेली भाजी बांधून घेऊन मी ती सोमवारी दुपारी आणि सोमवारी रात्री खाल्ली.

त्या मुलाबद्दल माझी काही तक्रार नाही. तो बावीस-तेवीसचा असेल आणि बहुधा स्वतःच कुठेतरी सहा जणांत खोली करून राहत असेल. माझं भांडण त्याच्या प्रश्नाशी आहे, कारण हा प्रश्न मला हॉटेलाच्या दाराबाहेरही सगळीकडे भेटतो, आणि तिथे तो एवढा निरुपद्रवी नसतो.

एकट्या माणसाबद्दल मराठीत दोनच प्रकारचं लिखाण होतं. एक कणव. ‘म्हातारपणी कोण?’ हा त्याचा पेटंट प्रश्न. दुसरी जाहिरात. म्हणजे रविवारच्या पुरवणीतली ‘स्वतःला डेट करा’ वगैरे, डोंगराच्या कड्यावर पाठमोरी बसलेली मुलगी, शेजारी सॅक. पहिल्या प्रकारात मी बिचारी असते, दुसऱ्यात मी मुक्त असते. दोन्हीत मी रात्री साडेअकरा वाजता हॉस्पिटलच्या काउंटरवर उभी नसते. त्यामुळे ‘मस्त आहे बाई तुझं’ आणि ‘कसं होणार गं तुझं’ ही दोन्ही वाक्यं मला सारखीच नकोशी झाली आहेत. ज्याबद्दल बोलायला हवं ते एकटेपणाचं सुखदुःख नव्हे. ते ज्याचं त्याने बघावं, आणि लग्न झालेल्यांनाही ते असतंच. बोलायला हवं ते असं, की हे शहर एका माणसाला पूर्ण माणूस धरत नाही. अर्धं काहीतरी आलं आहे आणि उरलेलं मागून येतंय, असं समजून व्यवहार करतं.

पूर्वी असं नव्हतं, असं म्हटलं तर तुम्ही हसाल. पण जरा आठवून पाहा. कॉट हे एका माणसाचं माप होतं. ताट हे एका माणसाचं माप होतं. राईस प्लेट, मेसचं कूपन, इराण्याचा बनमस्का, एसटीची सीट, सगळीकडे हिशोब एकाचा. स्वस्तातल्या हॉटेलात आजही मी गेले तर वेटर मला ज्या टेबलावर दोन खुर्च्या भरलेल्या आहेत तिथे तिसरीवर बसवतो. समोरचा माणूस नजर न उचलता पाण्याचा जग माझ्याकडे सरकवतो. मी जेवते, पैसे देते, उठते. तिथे कोणी विचारत नाही कोण येणार आहे. हा प्रश्न सुरू होतो जिथे विकायचं माप ताट नसून टेबल असतं. जेवण जसं महाग होत जातं तसतशी एकट्या माणसाची अडचण व्हायला लागते, हे मी गेल्या पंचवीस वर्षांत पगार वाढत गेला तसं अनुभवाने शिकले.

आणि मुंबई तर उभीच राहिली एकट्यांच्या जिवावर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या शहरात पुरुषांच्या मानाने बायका जेमतेम निम्म्या होत्या. कोकणातून, घाटावरून आलेला गिरणी कामगार बायकोपोरं गावी ठेवून चाळीतल्या एका खोलीत दहा-पंधरा जणांबरोबर पाळीपाळीने झोपायचा. त्याला जेवू कोण घालत होतं? खाणावळवाल्या. त्यांतल्या कित्येक जणी स्वतःच विधवा, टाकलेल्या, किंवा संप-आजारपणात घर एकटीने ओढणाऱ्या होत्या. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांसाठी. तोपर्यंत त्यांना बँक दारात उभी करत नव्हती, सावकार मात्र करत होता. त्या व्यवस्थेचं मला उगाच कौतुक करायचं नाही. ते एकटेपण कोणी हौसेने घेतलेलं नव्हतं, आणि त्या पुरुषांची घरं गावाकडे दुसरीच कोणी बाई एकटीने चालवत होती. पण ‘एकटं राहणं ही नवी, पाश्चात्त्य, आयटीवाल्यांची टूम आहे’ असं कोणी म्हणालं की मला लालबाग-परळची आठवण करून द्यावीशी वाटते.

प्रवासाचं सांगते. थोडक्यात सांगते, कारण याचे विनोद मीच मित्रमंडळींत इतक्यांदा केले आहेत की आता मलाच हसू येत नाही. रेल्वेत दोन महिने आधी काढलेला माझा खालचा बर्थ मी आयुष्यात किती वेळा सोडला असेल याची गणती नाही. “तुम्ही एकट्याच आहात ना, मग जरा तिकडे जाता का? आम्ही फॅमिली आहोत.” तिकडे म्हणजे दोन डबे पलीकडे, वरचा. टूर कंपनीचा दर छापलेला असतो तो ‘ट्विन शेअरिंग’चा. एकटीने जायचं तर खोलीचं जादा भाडं भरा, नाहीतर अनोळखी बाईबरोबर खोली वाटून घ्या. मी दोन्ही करून पाहिलं आहे. अनोळखी बाई घोरत होती; पण ती निदान दिलगीर होती. आणि एका तीर्थक्षेत्री, नाव घेत नाही, भक्तनिवासाच्या खिडकीवर पाटीच होती: एकट्या व्यक्तीस खोली मिळणार नाही. का, असं विचारल्यावर आतल्या गृहस्थांनी आवाज खाली आणून सांगितलं, “ताई, लोक येऊन काहीबाही करून घेतात.” म्हणजे मी एकटी देवाला आले याचा सर्वांत संभवनीय अर्थ मी जीव द्यायला आले, असा होता. बरोबर आई असती, तर मी पर्यटक ठरले असते.

याला अपवाद एसटी. मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात कुठल्याही बाईला एसटीचं अर्धं तिकीट पडतं. त्या योजनेवर काय म्हणायचं ते म्हणा, निवडणुकीचं गणित म्हणा, पण कंडक्टर मला विचारत नाही की बरोबर कोण आहे. मी बाई आहे आणि मला जायचं आहे, एवढं त्याला पुरतं. त्या अर्ध्या तिकिटावर मी दोन वर्षांत जितकी फिरले तितकी त्याआधीच्या दहा वर्षांत फिरले नव्हते.

घराचा विषय काढला की मला स्वतःबद्दल एक सांगावं लागेल. मी आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्रॉइंगं करते. वीस वर्षं मी फ्लॅटच्या नकाशात ‘मास्टर बेडरूम’, ‘चिल्ड्रन्स बेडरूम’ अशी नावं माझ्या हाताने टाकते आहे. एका माणसाला सन्मानाने राहता येईल असं चारशे फुटांचं घर काढून दाखवलं की बिल्डर म्हणतो, गुंतवणूक म्हणून चालेल, राहायला कोण घेणार. आणि राहायला भाड्याने कोणी मागितलं की सोसायटी म्हणते, बॅचलर नको. खरं तर सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे भाडेकरू ठेवायला सोसायटीची परवानगी लागत नाही, फक्त कळवावं लागतं. पण कोण वाचतं? आमच्या सोसायटीत सहा वर्षांपूर्वी ‘फक्त फॅमिली’ असा ठराव आला तेव्हा मी सभेत होते. त्या वेळी वरच्या मजल्यावर चार मुलं राहायची, रात्री दोन वाजता खुर्च्या सरकवायची. मी हात वर केला. ठराव पास झाला. मुलं गेली. त्यांच्यातला एक जाताना माझ्याकडे कुंडी ठेवून गेला, तुळशीची. मला माहीत असलेला सगळ्यांत वाईट टोमणा त्याने न बोलता मारला, की त्याला ठरावाबद्दल माहीतच नव्हतं, हे मला अजून कळलेलं नाही. तुळस जगली आहे.

तेव्हा हे भांडण मी बाहेर उभी राहून करत नाही. मला घर मिळालं कारण माझं आडनाव चालण्यासारखं होतं, मी बाई होते, चष्मा होता, आणि ‘पालक अधूनमधून येतात’ असं मी खोटं सांगितलं. एकट्या मुसलमान मुलाला, एकट्या ट्रान्स बाईला यातलं खोटंसुद्धा उपयोगी पडत नाही.

आता मित्रमैत्रिणी. इथे मला घाई नाही.

आम्ही पाच जण आहोत. तीन बायका, दोन पुरुष, वयं चव्वेचाळीस ते साठ. एक घटस्फोटित, एक विधुर, तिघांचं लग्न झालेलं नाही. आमच्यात कोणी कोणाच्या प्रेमात नाही, हे सांगावं लागतं म्हणून सांगते. प्रत्येकाच्या घराची दुसरी किल्ली दुसऱ्या कोणाकडे तरी असते. रोज सकाळी आठच्या आत प्रत्येकाने ग्रुपवर आपल्या चहाच्या कपाचा फोटो टाकायचा. नऊपर्यंत कप आला नाही तर फोन. दहापर्यंत फोन उचलला नाही तर किल्लीवाला निघतो. हा नियम आम्ही गमतीत केला नाही. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांच्या दाराबाहेर तीन दिवसांचे पेपर साठल्यावर शेजाऱ्यांना कळलं, त्यानंतर केला. सात वर्षांत किल्ली दोनदा वापरली. एकदा फोन सायलेंटवर होता. एकदा खरंच पडला होता, बाथरूममध्ये, खुब्याचं हाड मोडून.

कोणाचा ताप, कोणाचं लोन, कोणाच्या आईचं डायपर, कोणाचा ऑफिसातला छळ, हे सगळं आम्ही वाटून घेतो. (आईवडिलांचं करण्याची पाळी भावंडांत एकट्या राहणाऱ्यावरच का येते, यावर वेगळा लेख होईल. “तुला काय, तुझ्या घरी कोण वाट बघतंय.” दिवाळीतली ड्यूटीही याच वाक्याने मिळते.) नातेवाईक काय करतात ते सगळं आम्ही करतो. फक्त नातेवाईक नाही.

दीड वर्षापूर्वी रात्री सव्वादहाला आमच्यातल्या एकीच्या पोटात दुखायला लागलं. अकराला ती आणि मी एका खाजगी हॉस्पिटलात होतो. साडेअकराला डॉक्टर म्हणाले अपेंडिक्स फुटायच्या बेतात आहे, लगेच घ्यायला हवं. ती पूर्ण शुद्धीत होती. चोपन्न वर्षांची, बँकेत अधिकारी, रोज कोटींच्या कागदांवर सही करणारी बाई. तिने फॉर्म वाचला, सही केली. काउंटरवरचा माणूस म्हणाला, नातेवाइकाची सही पाहिजे. मी म्हटलं, मी करते. “तुम्ही कोण?” मैत्रीण. “मैत्रीण चालत नाही. घरचं कोणी नाही का? अजून कोणी येणार आहे का?”

तिचा भाऊ नागपूरला. फोन बंद, झोपला होता. वहिनीचा नंबर माझ्याकडे नव्हता, तिच्याकडे होता पण ती आता वाकून कण्हत होती. मी डिपॉझिटचे ऐंशी हजार माझ्या कार्डावरून भरले. ते मैत्रिणीचे चालले. सही चालेना. पाऊण तास हा प्रकार चालला. शेवटी पाळी बदलली, काउंटरवर दुसरा माणूस आला, त्याने फॉर्म पुढे केला, आणि ‘रुग्णाशी नाते’ या रकान्यात मी लिहिलं: बहीण.

त्याने दोन्ही नावं पाहिली. “आडनाव वेगळं?” आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच म्हणाला, “हां, लग्नानंतरचं.” आणि शिक्का मारला. जन्मभर न केलेलं लग्न त्या रात्री असं माझ्या कामाला आलं.

नंतर मी वकील मित्राला गाठलं आणि खूप वाचलं. जे कळलं ते असं. सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या रुग्णाची स्वतःची संमती कायद्याला पुरते. इतकंच काय, २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात हे स्वच्छ सांगितलं. चव्वेचाळीस वर्षांची एक अविवाहित बाई तपासणीसाठी भुलीखाली होती. डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या तिच्या आईची सही घेतली आणि तिचं गर्भाशय आणि बीजकोश काढून टाकले. न्यायालय म्हणालं, आईची संमती ही तिची संमती नव्हे. तातडीचा प्रसंग नव्हता, ती शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवं होतं. म्हणजे काउंटरवर मागतात ती सही कायद्याची नाही. ती बिलाची आहे, आणि उद्या काही झालं तर भांडायला कोण येईल याची चौकशी आहे.

पण ती गंभीर असती, बेशुद्ध असती, तर? तेव्हा माझ्या शब्दाला कशाचाच आधार नव्हता. आणि इथे कायद्याची गंमत बघा. मी साध्या कागदावर दोन साक्षीदारांसमोर मृत्युपत्र केलं तर माझं घर मैत्रिणीला जाऊ शकतं. म्हणजे मेल्यावर मला मैत्रीण असू शकते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम १४ प्रमाणे मी साध्या कागदावर लिहून, सही करून, कोणाही सज्ञान व्यक्तीला माझा प्रतिनिधी नेमू शकते. तो नातेवाईकच हवा अशी अट नाही. म्हणजे मानसिक आजारातही मला मैत्रीण असू शकते. अपेंडिक्स, हृदयविकार, अपघात, यांत मात्र नाही. तिथे असा कागद नाही. आयुर्विम्यात मी तिला नॉमिनी करू शकते, पण २०१५ च्या दुरुस्तीने पैशांवरचा खरा हक्क ज्या नॉमिनींना दिला त्या यादीत आईवडील, जोडीदार आणि मुलं एवढेच आहेत. मैत्रीण नॉमिनी झाली तर ती पैसे घेऊन वारसांची वाट बघत बसणार.

यावर मला सांगतात, सरकारने मैत्री कशी मोजायची? उद्या कोणीही उठून मित्र म्हणवेल. अहो, मोजायला कोण सांगतंय? मानसिक आजारासाठी जो साधा कागद चालतो तोच सगळ्या आजारांसाठी चालू द्या, एवढंच म्हणणं आहे. मी शहाणी असताना, शांत डोक्याने, ज्याचं नाव लिहून देईन त्याला काउंटरवर उभं राहू द्या. माझा भाऊ सांगलीला आहे, भला माणूस आहे, हाक मारली तर येईल. साडेचार तास लागतात. आणि माझी ॲलर्जी कशाची, रक्तदाबाची गोळी कुठली, व्हेंटिलेटरबद्दल माझं मत काय, हे त्याला माहीत नाही. हे माहीत असणारी माणसं माझ्यापासून दोन किलोमीटरच्या आत राहतात. २०११ च्या जनगणनेत विधवा, घटस्फोटित, टाकलेल्या आणि लग्न न झालेल्या मिळून सात कोटींच्या वर बायका होत्या. त्या सगळ्यांचे भाऊ जागे असतील आणि जवळ असतील या भरवशावर हॉस्पिटलं चालली आहेत.

‘मग लग्न का केलं नाही?’ हा प्रश्न मनात आलेल्यांना एवढंच सांगते, की आमच्या ग्रुपमधल्या विधुराने केलं होतं. एकतीस वर्षं.

येत्या महिन्यात माझं फायब्रॉइडचं ऑपरेशन आहे. ठरवून करायचं आहे, घाई नाही, त्यामुळे मी सगळे कागद आधीच मागून घेतले. मला काय काढायचं आहे आणि काय ठेवायचं आहे ते डॉक्टरांना लेखी दिलं आहे. भावाला कळवलं आहे, तो दुसऱ्या दिवशी येईल. फॉर्मवर नात्याचा रकाना आहेच. मी काउंटरवर विचारून पाहिलं, मैत्रीण लिहिलं तर चालेल का. बाई म्हणाल्या, मॅडमना विचारून सांगते. अजून सांगितलेलं नाही. काल चहाच्या फोटोखाली अपेंडिक्सवालीचा मेसेज आला: या वेळी मी मोठी बहीण, आडनावाचं विचारलं तर लग्नानंतरचं.